ज्याच्यानंतर बँड आणि त्याची रेकॉर्ड कंपनी कोर्टात गेले, असा एखादा प्रयोगशील रॉक अल्बम कसा बनला ते सांगाल का?

माझ्यासाठी याचं उत्तर एकच आहे: टॉक टॉक या इंग्लिश बँडचा 'स्पिरिट ऑफ ईडन', सप्टेंबर 1988. मी नाटकांच्या प्रयोगांना साउंड करतो. पॉज म्हणजे काय, हे मला नटांच्या खालोखाल या अल्बमने शिकवलं.

आधी थोडी पार्श्वभूमी. 1984 मध्ये 'इट्स माय लाइफ' आणि 1986 मध्ये 'द कलर ऑफ स्प्रिंग' हे अल्बम आले, ते चालले आणि बँडचं नाव झालं. त्यामुळे त्यांच्या रेकॉर्ड कंपनीने, ईएमआयने, पुढच्या अल्बमसाठी पैसा आणि वेळ दोन्ही मोकळ्या हाताने दिले. गायक मार्क हॉलिस आणि निर्माता टिम फ्रीझ-ग्रीन यांनी त्या मोकळिकीचा पुरेपूर उपयोग केला. लंडनच्या वेसेक्स स्टुडिओत, म्हणजे एका जुन्या चर्चच्या सभागृहात, ते जवळपास वर्षभर बसले.

स्टुडिओत अंधार असायचा. मेणबत्त्या, भिंतीवर तेलाच्या प्रोजेक्टरचे हलते रंग, बस. बाहेरून वादक बोलावले जायचे. फार काही न सांगता त्यांना हेडफोन दिले जायचे आणि मनाला येईल ते वाजवायला सांगितलं जायचं. व्हायोलिनला नायजेल केनेडी, डबल बेसला डॅनी थॉम्पसन, असे मातब्बर लोक त्यात होते. तासन्‌तास वाजवलेल्यातलं बहुतेक सगळं पुसलं जायचं. उरायचे काही सेकंद. कधी एखादा सूर. कधी नुसतं वाद्याला हात लागल्याचा आवाज. इंजिनिअर फिल ब्राउन माईक वाद्यापासून लांब ठेवायचा, म्हणून ड्रम्सबरोबर त्या खोलीची हवाही ऐकू येते. आम्ही रंगमंदिरात माईक नटाच्या तोंडाशी आणण्यासाठी जीव काढतो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी अवाक झालो होतो.

हॉलिसला शांतता प्रिय होती. एक सूर नीट वाजवता आल्याशिवाय दुसऱ्याकडे जाऊ नये, अशा अर्थाचं तो बोलायचा. आपल्याकडे सुरुवातीला महिनोन्‌महिने फक्त षड्ज लावायला लावणारे गुरू असतात. त्यांना हे लगेच पटेल.

तयार झालं ते सहा तुकड्यांचं, सुमारे 41 मिनिटांचं. पहिले तीन तुकडे एकमेकांत विरघळलेले. एकही गाणं सरळ रेडिओवर लावण्याजोगं नाही. हॉलिस दौऱ्यावर जायला तयार नव्हता, कारण हे मंचावर पुन्हा उभं करता येणार नाही, असं त्याचं मत होतं, आणि ते मला शंभर टक्के पटतं. कंपनीने त्यातलं 'आय बिलीव्ह इन यू' कापून सिंगल, म्हणजे सुटं गाणं, म्हणून काढलं. हेरॉइनच्या नशेबद्दलचं इतकं कोवळं गाणं मी दुसरं ऐकलेलं नाही, आणि तेच कात्रीखाली गेलं. अल्बम ब्रिटनमध्ये 19व्या क्रमांकापर्यंत गेला.

मग कोर्ट. करारातून सुटण्यासाठी बँडने दावा लावला. अल्बम व्यावसायिकदृष्ट्या समाधानकारक नाही, असं कंपनीचं म्हणणं होतं. ते टिकलं नाही. बँड सुटला आणि 1991 मध्ये दुसऱ्या कंपनीकडून 'लाफिंग स्टॉक' आला. तोही अशाच पद्धतीने घडला, फक्त आणखी कडक. त्यानंतर बँड संपला. हॉलिसने 1998 मध्ये एक एकल अल्बम केला आणि मग तो संगीतातून जवळजवळ बाहेरच पडला. फेब्रुवारी 2019 मध्ये तो गेला. त्या रात्री मी दिवे घालवून अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकला.

तुम्ही ऐकणार असाल तर मोबाइलच्या स्पीकरवर नको. रात्री, हेडफोनवर, आवाज थोडा मोठा ठेवून. 'द रेनबो' या पहिल्या तुकड्याची सुरुवात इतकी हळू आहे की बिघाड झाल्यासारखं वाटेल, हात लावू नका. हार्मोनिका येईपर्यंत थांबा.