अष्टपुत्री निळी कशी झाली?

प्रश्न : आजी-आजोबांच्या लग्नाचा १९५१ सालचा कृष्णधवल फोटो मोबाइलवरच्या एआय अ‍ॅपने रंगीत केला. सगळ्यांना आवडला, पण आत्या बघताच म्हणाली, "ही आमची आई नव्हेच! तिची लग्नातली अष्टपुत्री साडी पिवळी होती, ट्रंकेत मी कितीदा पाहिलीये. ही निळी कुठून आणलीत?" कुंकूही काळपट आलंय. कुणाचं खरं मानायचं?
– एक वाचक, मिरज

उत्तर : आत्याबाईंचं. त्यांनी ती साडी हाताळली आहे. यंत्राला दिसली ती फक्त करडी छटा.

कृष्णधवल फोटोत रंग दडून बसलेला नसतो. फिकी निळी आणि पिवळी, दोन्ही साड्या करड्या रंगात सारख्याच दिसू शकतात. लाखो रंगीत फोटो करडे करून 'मूळ रंग ओळख' असा सराव यंत्राकडून करून घेतलेला असतो. २०१६ साली अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या संशोधकांनी दहा लाखांहून अधिक फोटोंवर हा सराव घेतला. खरा फोटो आणि यंत्राने रंगवलेला फोटो लोकांना दाखवले, तेव्हा १०० पैकी ३२ वेळा लोक फसले. आकाश, गवत, चेहरा यांचा अंदाज म्हणूनच छान येतो. साडी मात्र कुठल्याही रंगाची असते. तिथे यंत्र ठोकून देतं.

कुंकवाचं कारण वेगळं. माझ्या वडिलांचा साताऱ्यात स्टुडिओ होता. ते ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म वापरत. त्या फिल्मला लाल रंग जवळजवळ दिसतच नाही, म्हणून तर ती लाल दिव्याखाली धुता यायची. तिच्यावर लाल कुंकू काळं उतरतं, लाल काठही काळा. तुमच्या फोटोत कुंकू आणि काठ दोन्ही काळेभोर असतील, तर फिल्म तीच असावी. पिवळ्या अष्टपुत्रीला लाल काठ, म्हणजे आत्याबाईंचं सांगणं फोटोशीही जुळतं.

वडील फोटो हातानं रंगवायचे. रंगांची चिमुकली पुस्तिका मिळायची. पानाचा तुकडा कातरून पाण्यात टाकला की रंग सुटायचा. पण ब्रश उचलण्याआधी ते गिऱ्हाइकाला बसवून विचारत आणि प्रिंटच्या पाठीवर हलक्या हातानं पेन्सिलीनं टिपून ठेवत. एक प्रिंट माझ्याकडे अजून आहे : 'साडी मोरपंखी, काठ तांबडा, चुडा हिरवा, डोळे घारे.' हे चार शब्द नसतील तर मी आजही कुणाच्या घरातला फोटो रंगवायला घेत नाही.

'आई नव्हेच' हे आत्याबाईंचं वाक्य मला साडीपेक्षा जास्त लागलं. अ‍ॅपमध्ये चेहरा स्पष्ट करण्याची सोय चालू राहिली असेल, तर अस्पष्ट डोळ्यांच्या जागी यंत्र स्वतःच्या अंदाजाचे डोळे बसवतं. हनुवटीवरचं गोंदण त्याला डाग वाटतं आणि पुसलं जातं. ती सोय बंद करा. मूळ फोटो ६०० डीपीआयवर (म्हणजे इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करून जसाच्या तसा जपा. काचेला चिकटला असेल तर ओढू नका, काचेसकट स्कॅन करा.

मग आत्याबाईंना शेजारी बसवून रंग पुन्हा भरा. आजोबांच्या फेट्याचा रंगही विचारून घ्या.