गट एकट्याने चालवू नका

तुम्ही लिहिलंय की दहा-बारा जणांच्या बायबल अभ्यास गटात गीत, प्रार्थना, वचनावरचं बोलणं सगळं तुमच्याच अंगावर पडतं, बाकीचे ऐकून घरी जातात आणि आता तुम्ही दमला आहात. मला तुमच्याइतकीच काळजी त्या ऐकणाऱ्यांची वाटते. बायबलमधला निर्गम १८ हा अध्याय पुन्हा वाचा. इस्राएल लोकांचा पुढारी मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच निवाडे करत बसलेला पाहून सासरा इथ्रो त्याला बजावतो की तू तर थकशीलच, पण हे लोकही थकतील. हा दुसरा भाग आपण विसरतो. सतत एकाच माणसाच्या तोंडाकडे बघणाऱ्यांना हळूहळू वाटू लागतं, की आपल्याजवळ देण्यासारखं काही नाहीच. प्रेषित पौल मात्र करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात (१ करिंथ १४:२६) धरूनच चालतो की मंडळी जमली म्हणजे कुणाजवळ स्तोत्र असेल, कुणाजवळ शिक्षण.

खुर्च्या मांडणं, निरोप पाठवणं एवढंच वाटून दिलंत तर फार काही बदलणार नाही. काम द्याल तेव्हा त्यातला निर्णयही द्या. प्रार्थनेची वेळ एखाद्या ताईंकडे सोपवली, तर ती कशी घ्यायची हे त्याच ठरवतील. तुम्हाला वेगळं सुचलं तरी त्या वेळी गप्प बसा. काही सांगायचंच असेल तर नंतर, दोघांतच.

वचनाचा अभ्यास सोपवताना मात्र घाई नको. आधी सोबत बसून तयारी करा, मग अर्धा भाग त्यांना घेऊ द्या, मग पूर्ण. २ तीमथ्य २:२ मधला क्रम बघा: पौलाकडून त्याचा तरुण सहकारी तीमथ्य, त्याच्याकडून विश्वासू माणसं, त्यांच्याकडून आणखी दुसरे.

‘शास्त्र न शिकलेला माणूस चुकीचं सांगेल’ ही भीती खरी आहे. पण १७४२ मध्ये इंग्लंडमधल्या ब्रिस्टलला मेथडिस्ट या ख्रिस्ती चळवळीचे साधारण बारा-बारा जणांचे वर्ग सुरू झाले, तेव्हा त्यांचे पुढारी दीक्षित पाळक नव्हते, साधे विश्वासी होते. सुरुवात तर प्रार्थनागृहाच्या कर्जासाठी आठवड्याला एक पेनी गोळा करण्यातून झाली. घरोघरी जाताना लोकांची आत्मिक अवस्था कळू लागली आणि त्या वर्गांना खरा अर्थ आला. तुम्हीही उतारा आणि दोन-तीन प्रश्न आधी एकत्र ठरवा, आणि शिकवणीवरून वाद झालाच तर तो पाळकांकडे न्या. एवढं कुंपण पुरतं.

आता प्रश्न विचारल्यावर गटात पसरणाऱ्या शांततेबद्दल. ‘येशूने इथे काय केलं?’ या प्रश्नाला एका ओळीत उत्तर मिळतं आणि विषय संपतो. ‘या प्रसंगात तुम्ही स्वतःला कुणाच्या जागी पाहता?’ असं विचारा आणि थांबा. ती शांतता लांबलचक वाटेल, पण तुम्ही स्वतः उत्तर देऊ नका, नाहीतर सगळे तुमच्या उत्तराचीच वाट पाहायला शिकतात. आधी दोघा-दोघांत बोलायला सांगितलं तर बुजरी माणसंही मोकळी होतात. मोठ्याने प्रार्थना करायची सक्ती मात्र कुणावरही नको. स्तोत्रातली एक ओवी वाचली तरी तो सहभागच आहे. खूप बोलणाऱ्या सदस्याला बाजूला घेऊन मायेने सांगा की इतरांना बोलतं करायला मला तुमची मदत हवी आहे. बरेच जण ती आनंदाने करतात.

दुसरं कुणी गट घेत असेल त्या दिवशी पुढे बसू नका. सवयीने सगळे तुमच्याकडे बघतील; तुम्ही घेणाऱ्याकडे बघा.