स्पर्धा परीक्षेसाठी व्हिडिओ पाहून जास्त लक्षात राहतं की छापील पुस्तक वाचून?

विषयावर ठरतं. सह्याद्रीमुळे प्रतिरोध पाऊस कसा पडतो, यासारखी हलती प्रक्रिया असेल तर व्हिडिओ उत्तम. राज्यघटनेची कलमं, अहवाल, दाट मजकूर यांना छापील पानच बरं. 2018 साली 54 अभ्यासांचं एकत्र विश्लेषण झालं. त्यात माहितीपर मजकूर स्क्रीनपेक्षा कागदावर जास्त समजतो असं दिसलं, आणि वेळेचं बंधन असताना हा फरक वाढला. कथा वाचताना मात्र तो दिसला नाही.

व्हिडिओत खरी अडचण अशी की शिक्षक सफाईदार बोलतात, म्हणून आपल्यालाही सगळं येतंय असं वाटतं. तेव्हा 6-7 मिनिटांनी थांबवा, वही पालथी ठेवा आणि कोऱ्या कागदावर आठवेल तेवढं लिहा. उदाहरणार्थ, ‘कलम 32 खाली थेट कुठे दाद मागता येते?’ उत्तर लिहून झाल्यावरच पडताळा. हीच उजळणी दुसऱ्या दिवशी, मग आठवड्याने.

पुस्तकालाही हेच लागू. रोएडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या 2006 च्या प्रयोगात 5 मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, पण आठवड्याने त्यांना सुमारे 42 टक्के आठवलं आणि न बघता आठवून लिहिणाऱ्यांना 56 टक्के. हायलायटरने अख्खं पान पिवळं करण्यात वेळ घालवू नका.

आणि स्लाइडवरचा मजकूर कुणी जसाच्या तसा वाचून दाखवत असेल, तर तो व्हिडिओ सोडाच. डोळे आणि कान एकाच शब्दांवर खर्ची पडतात.