पबमेडमध्ये (वैद्यकीय शोधनिबंध शोधायच्या ऑनलाइन संग्रहात) एकदा हजारो पेपर येतात, एकदा शून्य. नेमकं शोधायचं कसं?

तुमचा विषय गरोदरपणातल्या रक्तक्षयात आयर्न सुक्रोज की फेरिक कार्बोक्सीमाल्टोज (दोन्ही शिरेतून द्यायची लोहाची औषधं), हा आहे आणि तुम्ही सिनॉप्सिसचं, म्हणजे प्रबंधाच्या आराखड्याचं, अख्खं शीर्षक सर्च बॉक्समध्ये पेस्ट करता आहात. शून्य येतं ते त्यामुळेच. पबमेड शब्दाशब्दांमध्ये स्वतःहून 'अँड' घालतं, म्हणजे शीर्षकातला एक शब्द जरी पेपरमध्ये नसला तरी तो पेपर गळतो.

आधी विषयाचे तीनच तुकडे करा: गरोदरपण, रक्तक्षय, औषध. हिमोग्लोबिन किती वाढलं वगैरे निष्पत्तीचे शब्द शोधात घालू नका. ते ॲबस्ट्रॅक्टमध्ये (पेपरच्या सारांशात) असतीलच असं नाही, आणि चांगले पेपर तिथेच निसटतात.

आता प्रत्येक तुकड्यासाठी मेश डेटाबेस उघडा. मेश म्हणजे पेपरला लावलेली ठरीव विषयनावं. आयर्न सुक्रोज तिथे 'फेरिक ऑक्साइड, सॅकरेटेड' या नावाखाली आहे, हे आपल्याला अंदाजाने सुचणं शक्यच नाही. पण नुसत्या मेशवर विसंबू नका. अगदी ताज्या पेपरना आणि मेडलाइनमध्ये (पबमेडचा मेश लावलेला मुख्य भाग) नसलेल्या नियतकालिकांतल्या लेखांना मेश लागलेलं नसतं. म्हणून मेशचं नाव आणि साधे शब्द 'ऑर'ने जोडायचे. साध्या शब्दांना शीर्षक व ॲबस्ट्रॅक्टचा टॅग (फक्त तिथेच शोधा असं सांगणारी खूण) लावलात, तर ॲनिमियाची ब्रिटिश आणि अमेरिकन अशी दोन्ही स्पेलिंग हाताने द्या. टॅग लागला की पबमेड पर्यायी शब्द स्वतःहून जोडत नाही. 'प्रेग्नन'पर्यंत लिहून पुढे तारांकन दिलं की प्रेग्नंट, प्रेग्नन्सी सगळं येतं.

सगळ्यात जास्त घोळ कंसांचा होतो. पबमेड डावीकडून उजवीकडे वाचतं. तुम्ही 'प्रेग्नन्सी अँड आयर्न सुक्रोज ऑर फेरिक कार्बोक्सीमाल्टोज' असं लिहिलंत, तर आधी पहिले दोन जुळतात आणि मग कार्बोक्सीमाल्टोजवरचा प्रत्येक पेपर आत येतो, हार्ट फेल्युअर आणि किडनीच्या रुग्णांसकट. तुमचे हजारो पेपर बहुधा असेच आलेत. दोन्ही औषधं एका कंसात घ्या, मग 'अँड'. हे जोडणारे शब्द (AND, OR) इंग्रजी कॅपिटलमध्येच लिहा.

त्याहून सोपं म्हणजे ॲडव्हान्स्ड सर्चमध्ये तीन तुकडे वेगवेगळे शोधा आणि हिस्टरीतले क्रमांक 'अँड'ने जोडा. कोणत्या तुकड्यात आकडा कोसळतो ते लगेच दिसतं. तिथेच डिटेल्सचा बाण दाबला की पबमेडने तुमच्या शब्दांचा काय अर्थ लावला तेही कळतं. ही सवय मला सगळ्यात मोलाची वाटते.

'नॉट' शक्यतो वापरूच नका. प्रसूतीनंतरचे पेपर वगळायला गेलात, तर गरोदरपण आणि प्रसूतीनंतर अशा दोन्ही काळांवरचे पेपरही जातात. डावीकडच्या 'ह्यूमन्स' फिल्टरचंही तसंच: तो मेशवर चालतो, त्यामुळे मेश न लागलेले नवे पेपर गायब होतात. शिवाय फिल्टर पुढच्या शोधालाही चिकटून राहतात, तेव्हा नवा शोध घेताना ते काढलेत का बघा.

शोध बरोबर जमला का, हे तपासायचं असेल तर गाइडकडून किंवा जुन्या रिव्ह्यूमधून चार-पाच महत्त्वाचे पेपर आधी हाताशी ठेवा. ते तुमच्या यादीत आले पाहिजेत. एखादा सुटला, तर त्याचं पान उघडून त्याला कोणती मेश नावं लागली आहेत ते वाचा आणि तो शब्द तुमच्या शोधात घाला.

आपल्याकडची बरीच नियतकालिकं पबमेडमध्ये नाहीत. त्यांच्यासाठी गूगल स्कॉलर बघा, कॉक्रेन लायब्ररीतली ट्रायल्सची यादी बघा, आणि छापून न आलेल्या भारतीय अभ्यासांसाठी सीटीआरआय, म्हणजे भारतातल्या क्लिनिकल ट्रायल्सची नोंदवही. आणि प्रत्येक ठिकाणची तारीख, शोधाची पूर्ण ओळ व आलेला आकडा त्याच दिवशी वहीत नाहीतर फाइलमध्ये उतरवून ठेवा. सहा महिन्यांनी प्रबंधाच्या पद्धती विभागात तीच ओळ जशीच्या तशी द्यावी लागते.