वाळूत फोर बाय फोर चालवताना टायरात हवा किती ठेवायची?

तुम्ही विचारलंय की जैसलमेरजवळ सम गावच्या वाळूत स्वतःची गाडी न्यायचीय, हवा किती ठेवू आन चालवू कशी. मी काही रेसवाला नाही, गंगाखेडकडचा माणूस, आमच्याकडं गोदावरीला गंगाच म्हणतेत, उन्हाळ्यात तिच्या पात्रात वाळूच वाळू, तिथंच आधी रुतलो मग शिकलो.

रोडवरची ३२ पीएसआयची (हवेच्या दाबाचं माप) हवा तशीच घेऊन उतरलो होतो, फोर व्हील टाकलं, म्हंजे चारी चाकांना ताकद दिली, की झालं असा लई विश्वास. थोडं गेलो की चाकं जाग्यावर फिरायला लागली, मी अजून रेस दिली, गाडीनं खड्डा केला आन पोट टेकलं. ट्रॅक्टरवाल्या मामानं साखळी लावायच्या आधी चारी चाकांची हवा सोडायला लावली, मला वाटलं ह्यो येडाय का, पण गाडी निघाली.

भाकरीचा गोळा थापल्यावर पसरतो तसा टायर पसरतो, त्यातही रुंदीपेक्षा लांबीला जास्त, मग वजन वाटल्या जातं. १८ पीएसआयपासून सुरू करा, ओढत नसली तर १५. १२ च्या खाली जाऊ नका, वळताना टायर रिमवरून निसटतो, आन १५ वर सुद्धा जोरात वळवायचं नाहीच. हवा वाळूत उतरायच्या आधी सोडा, रुतल्यावर नाही. आकडा थंड टायरवर घ्या, दुपारी तापला की तो आपोआप वर दिसतो. सकाळची वाळू जरा दबून असते, दुपारची पार भुसभुशीत.

मोकळ्यात ४एच (फोर व्हीलचा वेगाचा गिअर), खडा चढ किंवा रुतलेली काढायला ४एल (हळू पण जास्त ओढीचा). ट्रॅक्शन कंट्रोल बंद करा, चाक घसरलं की ते पॉवर कापतं, नेमकी पाहिजे तेव्हाच. रेस एकसारखी ठेवा, ब्रेक मारायचा नाही, चाकापुढं वाळूचा ढीग होतो, रेस सोडली की गाडी आपोआप थांबते. थांबायचंच तर तोंड उताराकडं. टेकडी सरळ चढा, सरळ उतरा, आडवी नेली की पलटी. माथ्यावर रेस सोडा, पलीकडं काय हाय दिसत नाही.

चाक जाग्यावर फिरलं की लगेच पाय काढा! चाकापुढची-मागची वाळू फावड्यानं ओढा, हवा अजून २-३ कमी करा आन आलेल्याच चाकोरीतून रिव्हर्स घ्या. जॅक वाळूत घुसतो, खाली फळी पाहिजे.

आन हो, प्रॅक्टिससाठी आमच्या पात्रात नका येऊ, वाळू उपशाचे खड्डे कुठं हायत ते वरून कळत नाही.

डांबरी लागली की फोर व्हील काढा, हवा भरल्याबिगर पळवू नका, कमी हवेत टायरची बाजू तापून टायर फुटतो. १२ व्होल्टचा कंप्रेसर न्या, चिमटे थेट बॅटरीला लावायचा घ्या, इंजिन चालू ठेवून भरा, चारी चाकांना वेळ लागतो, तेवढ्यात चहा होतो.