कळव्याच्या खोलीला हात लावू नकोस

प्रिय बाळा,

शनिवारी कोर्ट नाक्यावरच्या माझ्या ऑफिसात तू तुझा पेन्सिलीने मांडलेला हिशोब विसरून गेलास. रविवारभर तो माझ्या डोळ्यांपुढे होता. दिल्लीच्या त्या खाजगी लॉ कॉलेजची तीन वर्षांची फी, खोलीभाडं, डिपॉझिट. जेवणापुढे महिना ३,००० लिहून खोडलंस आणि पुन्हा ३,०००च लिहिलंस. शेवटची ओळ आईच्या अक्षरातली: 'कळव्याची खोली, बँक.' म्हणजे खोली गहाण ठेवून कर्ज. त्या ओळीपायी हे पत्र.

तू हुशार आहेस वगैरे आपल्याला दोघांनाही ठाऊक आहे, त्यावर शाई घालवत नाही. "मावशी, दिल्लीला जाऊ का?" असं तू चार वेळा विचारलंस. वकिलीची सनद हातात पडल्यावरची पहिली तीन वर्षं काय खाणार, हे एकदाही नाही.

तुला न्यायाधीश व्हायचंय ना? मग मे २०२५ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल वाच. कनिष्ठ स्तराच्या न्यायाधीशाच्या परीक्षेला बसायला तीन वर्षांच्या वकिलीची अट परत आली आहे. कॉलेजातून थेट परीक्षेला, तो रस्ता बंद. त्या तीन वर्षांत सीनिअर देईल ते घ्यायचं, बऱ्याचदा ते लोकलच्या पासापुरतंच असतं. आणि हप्ता मात्र दर महिन्याला ठरल्या तारखेला. हप्तेवाला ज्युनिअर कोर्टात टिकत नाही रे, पगाराकडे पळतो.

मी पळाले. १९९५ साली बाबांनी प्रॉव्हिडंट फंड मोडून आणि पतपेढीचं कर्ज काढून मला बंगळुरूला लॉ करायला पाठवलं. कॉलेज चांगलं होतं. परतल्यावर महाप्याच्या एमआयडीसीत एका कंपनीत करारनामे तपासायला बसले. कर्ज फिटेपर्यंतच, म्हणत म्हणत सात वर्षं गेली. बत्तिसाव्या वर्षी ठाणे कोर्टात ज्युनिअर म्हणून उभी राहिले, तेव्हा घोडबंदरकडच्या जमिनीच्या एका दाव्यात फेरफारांचा, म्हणजे जमिनीच्या हक्कबदलाच्या नोंदींचा, गठ्ठा हातात आला. वारस नोंद कुठली, कुळाची कुठली, काही कळेना. शेवटी सीनिअरच्या कारकुनाने पेनाचं टोपण एका ओळीवर टेकवलं. "मॅडम, इथं बहिणींची नावं गाळलीत. सगळा दावा ह्यावरच आहे." आणि मालमत्तेच्या कायद्यात मी वर्गात पहिली आलेली!

ती सात वर्षं फुकट गेली असं तुझी आई म्हणते. तसं अजिबात नाही. करारातलं वाकडं कलम आजही माझ्या नजरेतून सुटत नाही, ते तिथलंच शिक्षण. एकही हप्ता चुकवला नाही मी. पण माझ्याबरोबर पास झालेली, पहिल्या दिवसापासून इथे बसलेली मुलं तोवर स्वतः उलटतपास घेत होती, आणि मी त्यांच्यामागे फायली धरून उभी.

बीकेसीतल्या मोठ्या लॉ फर्ममध्ये जायचं असतं, तर कॉलेजच्या नावाला किंमत आहे, कर्जावरही बोलता आलं असतं. ते तुला नकोय, तूच म्हणालास. का मला बरं वाटावं म्हणून म्हणालास?

इथली लॉची प्रवेश परीक्षा, सीईटी दे. चर्चगेटचं सरकारी लॉ कॉलेज १८५५ पासून आहे. कळव्याहून स्लो पकड, दादरला बदल. नंबर नाही लागला तर ठाण्यातल्या कॉलेजात जा आणि दुपारी माझ्याकडे ये. त्यात कमीपणा कसला? इथला साक्षीदार मराठीतच बोलणार आहे, फेरफारही मराठीतच आहेत. सनदेचं म्हणशील, तर खुल्या प्रवर्गाला ७५० रुपयांहून जास्त नोंदणी फी घेता येणार नाही, असं सुप्रीम कोर्टाने जुलै २०२४ मध्ये बजावलंय. पैसा लागतो तो त्यानंतर. पहिल्या तीन वर्षांना. तो आत्ता दिल्लीच्या घरमालकाला देऊन बसू नकोस.

रागावले असं वाटेल. थोडी रागावलेच आहे, पण तुझ्यावर कमी.

मंगळवारी साडेदहाला कोर्टात ये. बोर्डावर एका जमिनीच्या दाव्यात साक्ष आहे, मागच्या बाकावर बसून ऐक. तुझा कागद तेव्हा परत देते. आणि आईला आणू नकोस, ती खोलीचे कागद पिशवीत घालूनच येईल.

तुझी,
वकील मावशी