मुद्राचित्र, छापील चित्र आणि ‘प्रत’

प्रश्न थोडक्यात असा: संग्रहालय नेहमीच्या प्रेक्षकांना बंद झाल्यावर संध्याकाळी एक खास फेरी आणि व्याख्यान होतं, विषय सतराव्या शतकातला डच चित्रकार रेम्ब्राँ याचे ‘प्रिंट्स’. घरी येऊन त्याबद्दल मराठीत सांगताना अडलं. ‘छापील चित्रं’ म्हटलं तर ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे कॅलेंडर आलं. ‘प्रती’ म्हटलं तर त्याने लगेच विचारलं, ‘मग मूळ चित्र कुठे असतं?’ तर योग्य शब्द कोणता?

माझं उत्तर: मुद्राचित्र. कलेला मुद्राचित्रण आणि ती करणाऱ्याला मुद्राचित्रकार. बोलताना ‘छापचित्र’ म्हणायलाही माझी हरकत नाही, पण ‘मुद्रा’ शब्दात एक गोष्ट आहे जी ‘छाप’मध्ये तितकी उघड दिसत नाही. कोरलेला शिक्का म्हणजेही मुद्रा आणि कागदावर उमटतं तीही मुद्राच. शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेवरचं ‘मुद्रा भद्राय राजते’ आठवा. शिक्क्यावर अक्षरं उलटी कोरलेली, पत्रावर सुलटी उठलेली. पत्रावरचा शिक्का ही कशाची नक्कल आहे, असं कुणी विचारत नाही. तो उमटला की पत्र अस्सल ठरतं.

मुद्राचित्राचं अगदी हेच आहे. एचिंग, म्हणजे आम्लाने पत्रा कोरून मुद्राचित्र काढायची पद्धत, कसं होतं ते बघा. तांब्याच्या पत्र्यावर आम्लाला दाद न देणारा मेणासारखा थर देतात. सुईने त्या थरावर रेघा ओढायच्या, म्हणजे तेवढ्याच जागी तांबं उघडं पडतं. पत्रा आम्लात ठेवला की उघड्या रेघा खाल्ल्या जातात. जास्त वेळ ठेवला तर रेघ खोल जाते आणि कागदावर अधिक काळी येते. मग थर काढून शाई भरायची, वरची पुसून घ्यायची, रेघांमधली राहू द्यायची. ओलसर केलेला कागद पत्र्यावर ठेवून प्रेसच्या रुळांखालून काढला की तो रेघांमध्ये शिरून शाई उचलतो. संग्रहालयात पुन्हा गेलात तर चित्राच्या चारी कडांना कागद किंचित दबलेला दिसतो का ते पाहा. ती पत्र्याच्या काठाची खूण.

या सगळ्यात ‘मूळ चित्र’ कुठेच नाही. पत्र्यावर आहे ती उलटी, काळपट कोरणी. चित्र पहिल्यांदा होतं ते कागदावर. रेम्ब्राँचं साधारण 1648 चं ‘हंड्रेड गिल्डर प्रिंट’ घ्या. त्याच्या मागे कुठलंही तैलचित्र दडलेलं नाही. त्याचा पत्रा पुढे विल्यम बेली नावाच्या कॅप्टनच्या हाती गेला. त्याने 1775 च्या सुमारास तो पुन्हा कोरला, छापे काढले आणि शेवटी कापून त्याचे चार तुकडे केले. पत्र्याला ‘मूळ’ मानलं, तर या कलाकृतीचं मूळ अठराव्या शतकातच तुटलं म्हणावं लागेल. तसं कुणी म्हणत नाही, कारण रेम्ब्राँच्या हातचे ठसे कागदावर आहेत.

मग मराठी माणसाला ‘छापील’ म्हणताच नक्कल का वाटते? याचं कारण मला आपल्याच इतिहासात दिसतं. आपण छापलेलं चित्र पाहिलं ते आधी देवघरात. पुण्याच्या चित्रशाळेची (स्थापना 1878) रामपंचायतनं, आणि 1894 मध्ये मुंबईत निघालेल्या रविवर्मा छापखान्याच्या लक्ष्मी-सरस्वती. त्या शिळाछापावर, एकेका रंगासाठी वेगळा दगड वापरून काढलेल्या होत्या, आणि कारागिरी म्हणून अप्रतिम होत्या. पण त्यातल्या गाजलेल्या कितीतरी तैलचित्रांवरून उतरवलेल्या. तिथे ‘मूळ कुठे?’ हा प्रश्न बरोबरच होता. तोच प्रश्न आपण रेम्ब्राँला लावतो आणि फसतो. म्हणून मी दोन शब्द वेगळे ठेवतो: तैलचित्रावरून छापलं ते छापील चित्र किंवा प्रतिकृती, आणि छापूनच जन्माला आलं ते मुद्राचित्र.

आता ‘प्रत’. हा शब्द टाकून देऊ नका, फक्त जपून वापरा. मराठीत त्याचे दोन अर्थ आहेत. दाखल्याची प्रत म्हणजे नक्कल. पण पुस्तकाची प्रत म्हणजे पुस्तकच. दुकानातल्या शंभर प्रतींत ‘मूळ’ प्रत कोणती, हा प्रश्न निरर्थक आहे. मुद्राचित्राची प्रत या दुसऱ्या अर्थाची. ‘या मुद्राचित्राची एक प्रत ॲमस्टरडॅमला आहे’ हे वाक्य चोख आहे. ‘ही रेम्ब्राँच्या चित्राची प्रत आहे’ हे दिशाभूल करतं.

रेम्ब्राँच्या बाबतीत तर दोन प्रती सारख्याही नसतात. 1653 च्या ‘तीन क्रूस’मध्ये त्याने पुढे पत्रा इतका बदलला की माणसंच्या माणसं खरवडून काढली आणि सगळं दृश्य अंधारात बुडवलं. इंग्रजीत अशा टप्प्याला ‘स्टेट’ म्हणतात. मराठीत ‘अवस्था’ सहज बसतो: ‘चौथ्या अवस्थेतली प्रत’.

आजच्या मुद्राचित्राखाली पेन्सिलीने 7/50 लिहिलेलं दिसलं, तर ‘पन्नासांतली सातवी प्रत’ असं वाचा. रेम्ब्राँच्या कागदांवर असे आकडे शोधू नका. क्रमांक घालायची रीत त्याच्या खूप नंतरची आहे.